एका खुनाच्या दोन माफ्या

रश्वानच्या बायकोला गोळी लागली ती चुकून, यावर दोन्ही घराण्यांचं एकमत होतं. गोळी रश्वानसाठी होती. कालव्यावरच्या पंपाची पाळी कुणाची यावरून सुवालम आणि हरीदी या दोन घराण्यांत वर्षभर धुसफूस चालू होती, आणि सुवालमांच्या बाजूने जास्त तोंड चालवणारा रश्वानच होता. त्या संध्याकाळी गार वारा सुटला होता. बायको म्हशीसाठी उसाचं वाढं गाढवावर लादून घरी निघाली, तेव्हा रश्वानने आपली तपकिरी शाल तिच्या डोक्यावरून टाकली आणि तो पंप बंद करायला मागे थांबला. गोळी उसातून आली. मारणाऱ्याने शाल ओळखली होती, आतलं माणूस ओळखलं नव्हतं.

रश्वान मेला असता तर सगळं सोपं झालं असतं. हरीदींच्या चार जणांनी मिशीला पीळ देऊन 'मीच मारला' म्हणून सांगितलं असतं आणि खरा कोण यावरून त्यांच्यातच जुंपली असती. पण मेली बाई. बाईवर गोळी झाडणं म्हणजे नाईलच्या या काठावर तोंडाला काळं फासून घेणं. त्यामुळे मारणारा कुणीच नव्हता. हरीदींचा म्होरक्या हाजी फव्वाज. त्याचा धाकटा मुलगा त्याच आठवड्यात कामासाठी कुवेतला गेला. व्हिसा आधीच आला होता, असं हाजी न विचारता सगळ्यांना सांगत होता.

खुनाचा सूड किंवा माफी होईपर्यंत दुखवटा घ्यायचा नाही, ही तिथली रीत. भेटायला आलेल्या माणसाला दारातूनच परत लावायचं. रश्वानच्या घरी ही रीत पाळली जाते की नाही हे नजीबा काकू पाहायची. बायको रश्वानच्या सख्ख्या चुलत्याची मुलगी, त्यामुळे सासू म्हणजे लहानपणापासूनची काकूच. तिने कॉफीचे पेले पेटीत घालून कुलूप लावलं आणि रोज नातवाला फोन करायला सुरुवात केली. नातू हम्दान हुरघाडाला हॉटेलांच्या भिंती रंगवायचा. त्याने उभ्या जन्मात कोंबडीही कापलेली नव्हती. काकू त्याला विचारायची, "आज कुठला रंग लावलास रे? लाल लावतोस का कधी?"

हम्दान फोन ठेवून द्यायचा. मग रात्री बापाला फोन करून विचारायचा, "आबा, मी यायचं का?" त्याच्या आवाजावरून रश्वानला कळायचं की 'नको' हा शब्द ऐकण्यासाठीच त्याने फोन केलाय. रश्वान 'नको' म्हणायचा. बायको गेली होती. मुलगा खुनी होऊन तुरुंगात जाऊ नये, नाहीतर उलट गोळी खाऊन मरू नये, एवढंच त्याला आता राखायचं होतं.

शेवटी शेख तिहामी मध्ये पडले. आसपासच्या गावांतली भांडणं मिटवणारे हे गृहस्थ, त्यांचा शब्द दोन्हीकडे चालायचा. ठरलं असं की हरीदींनी कफन आणायचं. म्हणजे मारणाऱ्याने आपलं स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन, अनवाणी, मेलेल्याच्या घरच्यांपुढे यायचं. हवं तर याच्यात गुंडाळा, हवं तर सोडा. घरच्यांनी सोडलं की मेंढा कापायचा, दुखवटा उघडायचा आणि सगळं तिथेच संपवायचं.

मेंढा मिळाला, मांडव मिळाला, कफनाचं कापड मिळालं. खुनी मिळेना.

तेव्हा हरीदींनी बखीतला पुढे केलं. बखीत पन्नाशीचा, बिनलग्नाचा, खजुराच्या झाडांवर चढून घड उतरवणारा. कुणाची कबर खणायची असो की लग्नातली पातेली घासायची असोत, हरीदी बखीतलाच हाक मारायचे. हे त्यातलंच एक काम. त्याच्या आयुष्यात बंदूक कधी नव्हती आणि पंपाचंही काही देणंघेणं नव्हतं, कारण त्याला शेतच नव्हतं. बदल्यात फरशूत गावची एक विधवा त्याच्यासाठी पाहू, असं हाजी फव्वाजने कबूल केलं.

बखीत कफन घेऊन आला तेव्हा रश्वानला माहीत होतं की हा तो नव्हे. सगळ्यांनाच माहीत होतं. पण रश्वानने त्या दिवसापुरत्या आलेल्या हम्दानकडे पाहिलं, कफन उचललं आणि म्हणाला, "अल्लासाठी माफ केलं." हजारभर माणसांनी 'अल्लाहू अकबर' म्हणत तकबीर दिली आणि निम्म्यांनी मोबाइलवर चित्रण केलं. हरीदींनी आपली जुनी रायफलही मान म्हणून पंचांच्या हवाली केली. मग दुखवटा झाला. येणारा प्रत्येक जण दोन्ही घराण्यांच्या शहाणपणाबद्दल बोलला, शेखच्या जिभेतल्या गोडव्याबद्दल बोलला, मेंढ्याबद्दल बोलला. मेलेल्या बाईबद्दल बोलायला कुणाला जमलं नाही. पुरुषांच्या बैठकीत बाईचं नाव घ्यायचं नसतं. ती 'हम्दानची आई' होती, 'घरचं माणूस' होती, 'मयत' होती. मांडव उतरला तेव्हा रश्वानला वाटलं की दुखवटा भलत्याच कुणाचा तरी झाला.

सरकारला माफीत रस नव्हता. चित्रणात होता. वर्षानुवर्षं या भागात खुनी कोण हे पोलिसांना कुणी सांगत नव्हतं, आणि इथे एक माणूस हजार साक्षीदारांपुढे आपण होऊन गुन्हा पत्करत होता. त्यांनी बखीतला झाडावरून उतरवून नेलं.

खटला चालला. पुरावे तीन. एक, कफनाचं चित्रण. दोन, पंचांकडे दिलेली रायफल, ती खुनाचं हत्यार म्हणून जप्त झाली. तीन, गावचा राखणदार. बखीतला उसात बंदूक रोखताना आपण डोळ्यांनी पाहिलं, असं त्याने शपथेवर सांगितलं. हरीदी गप्प बसले, कारण बखीत खुनी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. सुवालम गप्प बसले, कारण त्यांनी माफ केलेलं होतं. बखीतही फारसं बोलला नाही. त्याला वाटत होतं, हासुद्धा कफनाचाच काही भाग असेल, सरकारी पद्धतीचा. त्याला जन्मठेप झाली.

त्या दिवशी रश्वान कोर्टात मागच्या बाकावर होता. निकाल वाचताना कारकून मोठ्याने म्हणाला, "झनूबा बिंत अब्दुर्रहीम हिचा आरोपी बखीत याने खून केला." रश्वान दचकला. इतक्या पुरुषांमध्ये बायकोचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. आधी त्याला शरम वाटली, आणि मग बरं वाटलं. कारकुनाने नाव आणखी चारपाचदा घेतलं. रश्वान वाट पाहू लागला की आता पुन्हा कधी येतं. घरी परतताना मात्र त्याला ते वाक्य पुरं आठवलं. तिचं नाव एकदा कुठेतरी चारचौघांत घेतलं गेलं, आणि तेही खोट्या वाक्यात.

माफ केलेला माणूस घरच्या मुलासारखा, अशीही रीत आहे. ती कुणी पाळत नाही, पण रश्वानला ती धरून बखीतला भेटायला तुरुंगात जाता आलं. काकूने उन्हात फुगवून भाजलेल्या जाड भाकऱ्या आणि काकवी तो घेऊन जायचा. बखीत वाळला होता आणि खोकत होता.

"तुझे लोक येतात का?" रश्वानने विचारलं.

"येतात की. आत्ताच एक आलाय."

"मी तुझा माणूस झालो काय?"

"ज्याची भाकरी खावी त्याचं माणूस, भाऊ. माझे लोक एकदाच आले. त्या फरशूतच्या बाईचं लग्न झालं म्हणून सांगायला. हाजीच्या पुतण्याशी." बखीतने काकवीत बोट बुडवलं. "काकवी जरा जास्त आण. काकूचा हात आखडता आहे."

काकूला भाकऱ्या कुठे जातात हे कळलं तेव्हा तिने परात आपटली. "माझ्या पोरीच्या खुन्याला माझ्या हातची भाकरी?"

"काकू, तो खुनी नाही. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे, गावाला माहीत आहे, माझ्या म्हशीला माहीत आहे. म्हणून काय बोलून दाखवायचं?"

अपिलासाठी कोर्टाने बखीतला एक वकील दिला, उस्ताद मक्रम म्हणून; तिकडे वकिलाला उस्तादच म्हणतात. तरुण होता आणि कामसू होता. तो रश्वानच्या दारात आला आणि म्हणाला की राखणदाराचं आणि रायफलीचं मी बघतो, पण कफनाचं काय ते तुम्हीच सांगू शकता. ज्याने माफ केलं त्यानेच सांगितलं पाहिजे की कफन आणणारा मारणाराच असतो असं नाही.

रश्वान त्याला हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्याने सांगितलं तर माफी फुकट. माफी फुकट तर खून पुन्हा उघडा, आणि उघडा खून हम्दानच्या अंगावर. बखीतने स्वतःच त्याला सांगितलं की येऊ नकोस, मी सुटेन आणि तू अडकशील. रश्वान जाणार नव्हताच. पण घरात काकू 'ती' म्हणायची, मुलगा फोनवर 'आई' म्हणायचा, आणि नाव म्हणून तिचं जे होतं ते फक्त त्या सरकारी कागदात बखीतच्या नावाला बांधून ठेवलेलं होतं. ते त्याला सहन होईना. तारखेच्या दिवशी तो धुतलेला पायघोळ गलाबिया घालून कोर्टात गेला.

वरच्या कोर्टाचे न्यायाधीश अलेक्झांड्रियाचे होते. साखरेखेरीज उसाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. मक्रमने आधी रायफल पुढे केली. हिच्या घोड्याखालची, गोळीवर आदळणारी खीळच नाही, हाजीच्या वडलांच्या काळापासून नाही. खालच्या कोर्टात कुणी चाप ओढूनच पाहिला नव्हता. मग राखणदाराला उभं केलं. त्या वेळी ऊस तुटला होता का, असं विचारल्यावर राखणदार अभिमानाने म्हणाला की नाही, आमच्याकडे तोड त्यानंतर महिन्याने सुरू होते. उंच किती, तर दोन पुरुष. आपण कुठे होता, तर कालव्याच्या पलीकडे.

"मग दोन पुरुष उसाच्या पलीकडचं दिसलं कसं?"

राखणदार विचारात पडला. माणूस वाईट नव्हता. "साहेब, तेव्हा नाही दिसलं. तो कफन घेऊन चालला ना, तेव्हा दिसलं."

"काय दिसलं?"

"की तेव्हा तो तिथे असला पाहिजे."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी रश्वानला पुढे बोलावलं आणि विचारलं की तुम्ही या माणसाला माफ केलं होतं का. रश्वान हो म्हणाला. खून यानेच केला असं वाटत होतं का. रश्वान नाही म्हणाला.

"मग माफ काय केलं?"

"माफ करायला कुणीतरी समोर यावं लागतं, साहेब. हाच एकटा आला."

बखीत पिंजऱ्यात मान हलवत होता, जणू पोराने परीक्षेत बरोबर उत्तर दिलं.

निकाल लागला. पुरावा संशयास्पद आहे, कफन वाहणं ही कबुली नव्हे, आरोपीला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडण्यात येत आहे. झनूबा बिंत अब्दुर्रहीम हिचा खून बखीतने केला हे सिद्ध झालेलं नाही, असं कारकुनाने वाचलं. रश्वानला ते पुरे होतं. वाक्य अर्धंच होतं, पण खोटं नव्हतं.

जाताना मुद्देमाल परत मिळाला. कफनावर एका कोपऱ्यात निळा शिक्का मारलेला होता. हे कुणाचं, असं कारकुनाने विचारलं. बखीतने दिलेलं आणि रश्वानने घेतलेलं. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले.

"लवकर ठरवा," कारकून म्हणाला, "मला जेवायला जायचंय."

"माझ्याकडे द्या," बखीत म्हणाला. "मापाचं आहे."

संशयाचा फायदा बखीतला झाला आणि संशय गावाच्या वाट्याला आला. हाजी फव्वाजने बखीतला पाहून पहिला प्रश्न केला, "तिथे तुला काही कमी पडत होतं का?" काकूने पेटीचं कुलूप पुन्हा लावलं. दुखवटा उघडलाच नव्हता असं धरायचं, असं तिने बायकांत सांगून टाकलं. जे येऊन सांत्वन करून गेले होते त्यांना फसवल्यासारखं वाटलं. काही जण तर मेंढ्याबद्दल बोलू लागले, की हकनाक गेला. आणि काकूने फोन उचलला. "हम्दान, तुझ्या आईला मारणारा आता कुणीच नाही. म्हणजे कुणीही आहे. ये."

त्या रात्री हम्दानने बापाला 'मी यायचं का' असं विचारलं नाही. येतो म्हणाला.

सकाळी तो शेख तिहामींकडे गेला. शेखनी दोन्ही घराण्यांना बसवलं आणि सांगितलं की पुन्हा कफन आलं पाहिजे. हरीदींना ते मान्य होतं. पण न्यायचं कुणी? पोरं एकमेकांच्या पाठीमागे सरकू लागली. मागच्या खेपेला गेला त्याला जन्मठेप झाली होती.

"पूर्वी कफन न्यायला छाती लागायची," शेख म्हणाले, "आता वकील लागतो."

तेवढ्यावरून त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी तिथूनच मक्रमला फोन लावला आणि विचारलं की सुटलेल्या माणसावर त्याच खुनाचा खटला पुन्हा चालतो का. नाही, मक्रम म्हणाला. हजार माणसांपुढे काहीही केलं तरी? त्याने चौकात उभं राहून ओरडून सांगितलं तरी नाही. शेखनी फोन ठेवला आणि सगळी बैठक बखीतकडे वळली. अख्ख्या तालुक्यात तोच एक माणूस असा होता की ज्याला झनूबाच्या खुनाबद्दल कुणीही हात लावू शकत नव्हतं. कोर्टाने शिक्का मारून दिला होता.

"अल्लाने सोय केली," हाजी फव्वाज म्हणाला.

"अल्लाने केली, पण चालायचं मला आहे," बखीत म्हणाला. "या वेळी आधी लग्न, मग कफन."

म्हणून कफनाला उशीर झाला. हाजीच्या एका विधवा मावसबहिणीशी बखीतचं लग्न लागलं. लग्नात कुणी हवेत गोळी झाडायची नाही, असं शेखनी बजावलं होतं.

दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त गर्दी जमली. निर्दोष माणूस खून कबूल करताना पाहायला लांबलांबची माणसं आली. मोबाइल मात्र शेखनी दारातच टोपलीत टाकायला लावले. रश्वान उभा होता, शेजारी हम्दान, त्याच्या नखांत पांढरा रंग. बखीत नव्या बायकोने धुतलेल्या कपड्यांत, अनवाणी, तेच कफन घेऊन आला. निळा शिक्का वर दिसत होता. त्याच्या मागे हाजी फव्वाज आणि हरीदींचे वडीलधारे.

"आता म्हण," शेख रश्वानच्या कानाशी म्हणाले.

"कुणाचं रक्त माफ करू?"

"मयताचं."

"मयत कोण?"

शेखनी इकडेतिकडे पाहिलं. "हम्दानची आई. बाबा, म्हणून टाक."

"तिला नाव होतं," रश्वान म्हणाला. तो मोठ्याने बोलत नव्हता, पण मांडव गप्प झाला होता. "कोर्टात परकी माणसं तिचं नाव घेत होती. ज्याला जेवायची घाई होती तो कारकूनसुद्धा घेत होता. इथे तिचं रक्त माफ करून घ्यायला एवढी माणसं आलीत आणि नाव एकाच्याही तोंडात नाही. नाव घ्या. मग माफ करतो."

मांडवात कुजबुज झाली. सुवालमांचे म्हातारेसुद्धा खाली पाहू लागले. खून सगळ्यांना चालला होता. हे कुणाला चालत नव्हतं.

"झनूबा," बखीत म्हणाला.

"तू नको. तुला कोर्टाने सोडलंय." रश्वानने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "हाजी, तू घे."

हाजी फव्वाजने आयुष्यात परक्या बाईचं नाव चारचौघांत घेतलेलं नव्हतं. स्वतःच्या बायकोचंही नव्हतं. नाव घेतलं तर हे लोक घरोघरी हसणार होते. नाही घेतलं तर खून उघडा राहणार होता, आणि कुवेतमधला मुलगा बापाच्या मयतीलाही येऊ शकणार नव्हता. त्याची काठी जमिनीत रुतत गेली. तो ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाला.

"ऐकू आलं नाही," रश्वान म्हणाला.

"झनूबा." हाजीने मान वर केली. पुढचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "झनूबा बिंत अब्दुर्रहीम. रश्वान, माझ्यासाठी माफ कर."

'माझ्यासाठी' हा शब्द मांडवातल्या सगळ्यांनी ऐकला आणि कुणीच ऐकला नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

रश्वानने बखीतच्या हातांवरचं कफन उचललं. "झनूबाचं रक्त मी माफ केलं," तो म्हणाला, आणि हम्दानचा हात त्याला आपल्या दंडावर घट्ट लागला.

तकबीर या वेळी विस्कळीत झाली. माणसं बसली आणि हळू आवाजात बोलू लागली. मेंढ्याबद्दल कुणी बोललं नाही, शेखच्या जिभेबद्दलही नाही. रश्वानने रीत बुडवली, बायकोचं नाव चव्हाट्यावर आणलं, असंच सगळे म्हणत होते. म्हणताना प्रत्येकाला ते नाव घ्यावं लागत होतं.

बखीत मयताच्या घरच्यांच्या रांगेत, रश्वानच्या शेजारी येऊन बसला. त्याला तिथून कुणी उठवलं नाही. "एकदा तुमच्या झाडावर चढलो होतो," तो म्हणाला, "तर तिने खालून चप्पल मारली होती. नेम चांगला होता." रश्वानचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसले नाहीत.

बायकांच्या बाजूला, भिंतीपलीकडे, पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पेले बाहेर आले. कॉफी बिनसाखरेची होती, दुखवट्याला असते तशी.